गोळ्या आजाराप्रमाणे नको, तारखेप्रमाणे मांडून बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे माझा समज चुकीचा असेल तर लगेच सांगता येईल. आई ७६ वर्षांच्या, बीपी आणि शुगर जुनं, गुडघे दुखतात. रोजच्या ११ गोळ्या, शिवाय "गुडघे फारच दुखले की एक पेनकिलर". लिहिणारे डॉक्टर चार. गेल्या चार महिन्यांत दोनदा पडल्या, दोन्ही वेळा रात्री बाथरूमला जाताना, दिवसभर गळून गेल्यासारख्या असतात. आणि तुम्ही विचारताय की यातल्या कोणत्या गोळ्या बंद करता येतील.

मी गेली २२ वर्षं वयस्कर पेशंटच बघतोय आणि हा प्रश्न आठवड्यातून चारपाच वेळा तरी येतोच. सरळ सांगतो, न बघता "ही बंद करा ती ठेवा" असं मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तीच गोळी एकाला जपते आणि दुसऱ्याला पाडते, ते किडनी कशी आहे, हार्टचं आधी काही झालंय का, त्यांना स्वतःला काय हवंय यावर ठरतं. पण यादीकडे बघायचं कसं ते सांगतो, कारण खरा घोटाळा तिथेच असतो.

बहुतेक लोक यादी आजाराप्रमाणे लावतात. बीपीच्या या तीन, शुगरच्या या दोन, पोटाची ही, झोपेची ही. अशी लावली की प्रत्येक गोळी शहाणीच वाटते, काढायला एकही सापडत नाही. मी पेशंटच्या घरच्यांना सांगतो की तीच यादी तारखेप्रमाणे लावा. कोणती गोळी आधी आली, तिच्यानंतर कोणती, आणि ती आली तेव्हा नेमकी तक्रार काय होती. जुन्या प्रिस्क्रिप्शनांवर तारखा असतात, नसतील तर आईंनाच विचारा, "पायाला सूज आली त्याच्या नंतरची ती" अशा भाषेत त्यांना बरोबर आठवतं.

तुम्ही दिलेल्या माहितीतून मी तुमची यादी तशी लावून बघितली. सुरुवातीला टेल्मिसार्टन (बीपीची), मेटफॉर्मिन (शुगरची) आणि ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम (हीही बीपीचीच). मग ॲस्पिरिन, ॲटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉलची), पँटोप्राझोल (पित्ताची), कॅल्शियम. मग शुगरसाठी ग्लिमेपिराइड. साधारण दीड वर्षापूर्वी गुडघे वाढले, पेनकिलर सुरू. त्यानंतरच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं, ॲम्लोडिपिन ५ चं १० झालं. दोन महिन्यांनी घोट्यांवर सूज, म्हणून फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. मग उठल्यावर चक्कर, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून सिनॅरिझिन ही चक्करेची गोळी. रात्री लघवीला उठणं वाढलं, झोप लागेना, म्हणून क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी. आणि मग पडणं.

आता हे परत एकदा वाचा. शेवटच्या चार घटनांमधली एक तरी नवा आजार वाटते का बघा. मला वाटत नाही. माझा अंदाज (अंदाजच आहे, आईंना मी तपासलेलं नाही) असा की पेनकिलरनी बीपी वर नेलं, कारण या गोळ्या शरीरात मीठपाणी धरून ठेवतात आणि बीपीच्या औषधाचा परिणामही कमी करतात. वाढलेल्या बीपीसाठी ॲम्लोडिपिन दुप्पट झालं. ॲम्लोडिपिननी सूज आली. सुजेची गोळी दिली तिनी चक्कर आली आणि रात्रीच्या फेऱ्या वाढल्या. चक्करेची गोळी आणि झोपेची गोळी दोन्ही गुंगी आणणाऱ्या. एका गोळीचा साइड इफेक्ट हा नवा आजार समजून त्याच्यावर दुसरी गोळी, तिच्यावर तिसरी. १९९० च्या दशकात वैद्यकीय लेखांमध्ये या प्रकाराला कॅस्केड असं नाव पडलं, धबधब्यासारखं एका पायरीवरून दुसरीवर.

इथे डॉक्टर मूर्ख होते असं अजिबात म्हणत नाहीये. चौघांपैकी प्रत्येकाला त्याच्यापुढे जे दिसलं त्यावर त्याने बरोबरच लिहिलं. मी स्वतः हे केलंय. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका आजींच्या पायावरची सूज अंगठ्याने दाबून बघितली, खड्डा पडला, हार्ट ठीक, लघवीत प्रोटीन नाही, म्हटलं थोडी लघवी वाढवणारी गोळी देऊ. महिन्याभराने त्या मनगट प्लॅस्टरमध्ये घेऊन आल्या, रात्री बाथरूमला उठताना पडल्या होत्या. तेव्हा कुठे मी त्यांची फाइल मागे चाळली आणि बघितलं की ॲम्लोडिपिनचा डोस सूज यायच्या सहा आठवडे आधी मीच वाढवलेला. सही माझीच होती.

ॲम्लोडिपिनच्या सुजेचं थोडं समजून घ्या कारण हे फार कॉमन आहे. ती गोळी बारीक धमन्या सैल करते, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्यापाशी साठतं. म्हणजे अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते चुकीच्या जागी असतं. म्हणून फ्युरोसेमाइडनी ती सूज धड उतरत नाही, उलट रक्तातलंच पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येते. ही सूज डोसवर अवलंबून असते, १० ला जेवढी येते तेवढी ५ ला येत नाही. म्हणजे इथे गोळी वाढवण्यापेक्षा आधीची कमी करून बघणं हा पहिला विचार असायला हवा. अर्थात फ्युरोसेमाइड हार्ट फेल्युअरसाठी दिलेलं असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा, तिथे ती गोळी बंद केली तर चार दिवसांत दम लागून ॲडमिट व्हायची वेळ येते. नेमकं कशासाठी दिलंय हे ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारायचं.

अजून एक, हे जरा तातडीचं आहे म्हणून वेगळं लिहितो. टेल्मिसार्टन, फ्युरोसेमाइड आणि पेनकिलर (आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन यातली कुठलीही) ही तीन एकत्र किडनीला फार वाईट. तिन्ही तीन बाजूंनी किडनीतला दाब कमी करतात. एरवी निभावून जातं, पण दोन दिवस जुलाब झाले, उलट्या झाल्या, ताप येऊन पाणी पोटात गेलं नाही की किडनी एकदम बसते. तुम्ही पेनकिलरला "अधूनमधून" म्हणून यादीतच धरलं नाहीत. सगळेच असं करतात. माझ्या दृष्टीने तुमच्या यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोळी तीच आहे, ती बारावी.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना नुसती यादी नेऊ नका, गोळ्या न्या. सगळ्या. कपाटातल्या, उशाखालच्या, पर्समधल्या, एका पिशवीत घालून टेबलावर पालथी करायची. माझ्याकडे असं केलं की दर वेळी काहीतरी नवीन निघतं. एकच औषध दोन कंपन्यांच्या दोन नावांनी चालू असतं, कारण हॉस्पिटलमधून डिस्चार्जच्या वेळी एक नाव लिहिलं आणि घरी जुनं होतंच. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि तापासाठी वेगळी पॅरासिटामॉल. डोळ्यात टाकायचे ड्रॉप्स तर कुणी औषधच समजत नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे ड्रॉप्स घेणाऱ्या एका आजोबांची नाडी ४४ वर आलेली मी बघितलीय, बीपीसाठी त्याच जातीची गोळी चालू होती आणि डोळ्यांचे डॉक्टर वेगळे. व्हिटॅमिन, जडीबुटीवाल्या कॅप्सूल, पोट साफ व्हायची पावडर, सगळं त्या पिशवीत आलं पाहिजे. स्ट्रिपमध्ये किती उरल्यात त्यावरून कोणती खरोखर घेतली जाते तेही कळतं. बीपीची स्ट्रिप महिन्याभराने अर्धी भरलेली असते, आणि डॉक्टर बीपी वाढलंय म्हणून अजून एक लिहीत असतात.

आता तुमच्या यादीतल्या बाकीच्यांबद्दल, म्हणजे डॉक्टरांना काय विचारायचं ते.

शुगर. तुम्ही एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.४ लिहिलंय आणि ते आनंदाने लिहिलंय असं वाटलं. मला ते वाचून काळजी वाटली. ७६ व्या वर्षी, दोनदा पडलेल्या बाईची, ग्लिमेपिराइड चालू असताना ६.४ म्हणजे मधेमधे शुगर खूप खाली जात असणार अशी दाट शंका येते. अशा वयात आणि अनेक आजार असताना ८ च्या आत असलं तरी पुरतं असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. शुगर घट्ट धरण्याचा फायदा मिळायला बरीच वर्षं लागतात, शुगर उतरून पडण्याचा तोटा आज रात्री होतो. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा शुगर पाडत नाही, ग्लिमेपिराइड पाडतं. पहाटे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं असं काही होतं का विचारा, आणि दोनतीन दिवस रात्री तीनच्या सुमारास मशीनवर शुगर बघा. जाताजाता बी१२ पण तपासून घ्या, मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल दोन्ही वर्षानुवर्षं घेतली की बी१२ कमी होतं, तळपाय बधिर होतात, आणि बधिर पायाचा माणूस अंधारात पडणारच.

सिनॅरिझिन. ही गोळी चक्करेसाठी थोडे दिवस द्यायची असते, महिनोन्‌महिने नाही. ती मेंदूत डोपामिन (हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन) अडवते, वयस्कर माणसात त्यामुळे पार्किन्सनसारखी लक्षणं येतात, हात थरथरणं, पाऊल आखूड पडणं, चेहरा थिजल्यासारखा होणं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडचं आणि प्रोक्लोरपेराझिनचंही तेच. माझ्याकडे एक गृहस्थ पार्किन्सनची गोळी घेत आले, मुलगा म्हणाला दोन वर्षांपासून आहे. पिशवी पालथी केली तर त्यात सिनॅरिझिन, प्रवासात चक्कर आली होती तेव्हा कुणीतरी दिलेली, तीही दोन वर्षं चालूच. कुणी बंद कर म्हटलं नाही म्हणून चालू. बंद केल्यावर लगेच काही झालं नाही, मुलगा वैतागलाही, पण चौथ्या महिन्यात ते शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. सगळ्यांचं असं पूर्ण भरून येतंच असं नाही. आईंच्या चालण्यात फरक पडलाय का ते बघून ठेवा.

क्लोनाझेपाम. ही माझ्या मते पडण्याशी सगळ्यात थेट जोडलेली, पण हीच आज रात्रीपासून अचानक बंद करायची नाही. एकदम थांबवलं तर झोप पार उडते, अस्वस्थता, कधी फिटसुद्धा. साधारण दर दोन आठवड्यांनी पाव हिस्सा कमी आणि शेवटचा टप्पा त्याहून सावकाश, मधे त्रास झाला तर तिथेच थांबायचं, मागे जायचं नाही. लोकांना वाटतं म्हाताऱ्या माणसांकडून हे होत नाही. २०१४ मध्ये कॅनडात क्युबेकमध्ये एक प्रयोग झाला, ६५ च्या पुढच्या, वर्षानुवर्षं या जातीच्या गोळ्या घेणाऱ्या लोकांना नुसती एक माहितीपुस्तिका घरी पाठवली, गोळी काय करते आणि कशी हळूहळू कमी करायची याची. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी ती पूर्ण सोडली, ज्यांना पुस्तिका मिळाली नव्हती त्यांच्यात ५ टक्के. म्हणजे नीट सांगितलं तर माणसं ऐकतात. आणि आईंच्या बाबतीत रात्रीच्या फेऱ्याच कमी झाल्या तर झोपेचा प्रश्न अर्धा तिथेच सुटेल. फ्युरोसेमाइड संध्याकाळी देताय का तेही बघा, ते राहणार असेल तर सकाळीच.

ॲस्पिरिन. हार्ट ॲटॅक, स्टेंट, पॅरालिसिसचा झटका यातलं काही झालं असेल तर हिला हात लावायचा नाही, विषय संपला. तुम्ही म्हणताय यातलं काही आठवत नाही, नुसती "काळजी म्हणून" दिलीय, तर मग डॉक्टरांना जरूर विचारा. २०१८ मध्ये ॲस्प्री नावाच्या मोठ्या अभ्यासात, १९ हजारांवर धडधाकट वयस्कर लोकांमध्ये, रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिननी आयुष्य किंवा हिंडतंफिरतं राहणं वाढलं नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला. तो अभ्यास नव्याने सुरू करण्याबद्दल होता, वर्षानुवर्षं घेणाऱ्याची थांबवावी का हा थोडा वेगळा प्रश्न आहे, म्हणूनच तो हार्टच्या डॉक्टरांसमोर बसून ठरवायचा.

पँटोप्राझोल. पित्ताची गोळी सगळ्यांना आधी काढावीशी वाटते कारण ती साधी वाटते. इथे मी उलटं सांगेन. ॲस्पिरिन आणि पेनकिलर दोन्ही चालू असताना आईंच्या पोटाला तेवढाच एक आधार आहे. ती दोन थांबली की मग हिचा नंबर, आणि तेव्हाही हळूहळू, कारण एकदम सोडली की काही आठवडे आम्लपित्त उसळतं आणि माणूस म्हणतो बघा, मला गरज आहेच. कोलेस्टेरॉलची गोळी आणि कॅल्शियम सध्या राहू द्या, त्यावर नंतर बोलता येईल, पडण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

आकड्याबद्दल एक सांगतो. पाच किंवा जास्त औषधं म्हणजे पॉलीफार्मसी अशी एक ढोबळ व्याख्या आहे, पण हार्ट ॲटॅकनंतर पाच औषधं ही बऱ्याचदा अगदी बरोबर ट्रीटमेंट असते. त्यामुळे ११ च्या ५ करायच्या असं डोक्यात धरून जाऊ नका. कधीकधी तपासल्यावर एखादी गोळी वाढवावीही लागते. एवढं मात्र खरं की पाच औषधांत दोनदोनच्या १० जोड्या होतात, १२ औषधांत ६६, आणि त्या प्रत्येक जोडीचं काय होतं ते कुणाच्याही डोक्यात राहत नाही. त्यासाठी यादी असते. वयस्करांना शक्यतो टाळायच्या औषधांची बिअर्स यादी १९९१ पासून आहे आणि ती वेळोवेळी सुधारतात, आयर्लंडमधून आलेली स्टॉप आणि स्टार्ट अशी दुसरी आहे. डॉक्टर किंवा फार्मासिस्टला "वयाच्या हिशोबाने एकदा तपासाल का" एवढं म्हटलं तरी त्यांना कळतं.

चार डॉक्टरांचं काय करायचं हा खरा किचकट भाग. प्रत्येकजण दुसऱ्याने लिहिलेलं बंद करायला कचरतो, मीही कचरतो, कारण त्याच्या मनात काय होतं माहीत नसतं. म्हणून चौघांपैकी एक ठरवा, बहुतेक वेळा जनरल फिजिशियन, आणि त्यांना स्पष्ट सांगा की सगळ्या गोळ्यांचा हिशोब तुमच्याकडे. नेहमीच्या तपासणीत हे घुसडू नका, वेगळी अपॉइंटमेंट घ्या, फक्त औषधांसाठी. कागदावर चार रकाने करा: औषध, कधीपासून, कशासाठी, कुणी लिहिलं. "कशासाठी" चा रकाना जिथे कोरा राहील तिथून बोलायला सुरुवात करायची. सोबत क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, कारण बारीक अंगाच्या वयस्कर माणसात क्रिएटिनिन नॉर्मल दिसतं आणि किडनी निम्म्यावर आलेली असते. सोडियम, पोटॅशियम पण. आणि घरी एक गोष्ट करा: पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी, मग उभं करून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर ते पडण्याचं कारण असू शकतं. बसवून घेतलेल्या बीपीत हे कधीच दिसत नाही. उभं करताना कुणीतरी धरून राहा.

एका वेळी एकच बदल. हे मी चूक करून शिकलोय, उत्साहात तीन गोळ्यांना एकदम हात लावला, पेशंटला बरं वाटलं पण कशाने ते कळलं नाही, आणि महिन्याने बीपी वाढलं तेव्हा कशाने वाढलं तेही कळलं नाही. एक कमी करा, दोन ते चार आठवडे बघा, वहीत लिहा, मग पुढची. अपवाद एकच, जिथे धोका लगेचचा आहे तिथे थांबायचं नाही, म्हणजे तुमच्याकडे पेनकिलर आणि शुगर. आणि बीटा ब्लॉकर (बीपी-हार्टच्या, नाडी कमी करणाऱ्या गोळ्या), क्लोनिडिन (बीपीची एक गोळी), स्टेरॉइड, फिटच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातलं काही कुणाच्या यादीत असेल (हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितोय) तर मनाने एक दिवसही बंद करू नका.

हॉस्पिटलमध्ये जायची वेळ आली तर डिस्चार्जच्या दिवशी घाई असली तरी जुनी यादी आणि नवी यादी शेजारी ठेवून विचारायचं, नवीन कोणती, बंद कोणती, डोस बदललेली कोणती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करायची मोहीम काढली तेव्हा ज्या तीन गोष्टींवर बोट ठेवलं त्यातली एक हीच, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना होणारे घोळ. पँटोप्राझोल, झोपेची गोळी, हमखास ॲडमिट असताना सुरू होतात आणि घरी आल्यावर वर्षानुवर्षं राहतात.

आणि आईंनाच विचारा हो. त्यांना काय नको वाटतंय. एका आजींना मी तासभर बीपीचं समजावत होतो, त्यांना हवं होतं फक्त दुपारी जागं राहून नातवाशी बोलता येणं. त्यावरून मला कोणती गोळी आधी काढायची ते लगेच कळलं.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत बाथरूमच्या वाटेवर रात्री दिवा राहू द्या, उठताना आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायला सांगा. गुडघ्यांसाठी तोवर लावायचं जेल किंवा डॉक्टरांना फोन करून डोस विचारून पॅरासिटामॉल, आणि ती बारावी गोळी फोनवर विचारेपर्यंत देऊ नका. तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. स्ट्रिप बघून तेवढं कळवा, आठवड्यातून किती वेळा घेतात तेही, मोजून.